स्मरणशक्तीची तपासणी : किती वाजता?

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला डॉक्टरांकडे नेण्याची वेळ आपण कशी ठरवता? बहुतेक घरांत ती मुलाच्या किंवा सुनेच्या कार्यालयीन वेळेवरून ठरते. संध्याकाळी सहाला कामावरून परतायचे, चहा घ्यायचा आणि सात-साडेसातला आई-वडिलांना गाडीवर बसवून दवाखाना गाठायचा. साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात गेली सत्तावीस वर्षे हेच चित्र आहे. सकाळी तापाने फणफणलेली मुले, कॉलेजचे विद्यार्थी, नोकरीसाठी प्रमाणपत्र मागायला आलेले तरुण. आणि संध्याकाळी बाकावर ओळीने बसलेली ज्येष्ठ मंडळी. या वाटणीत काही चुकते आहे असे मला कधी वाटले नव्हते. ते माझ्या ध्यानात आले एका प्रसंगामुळे आणि संख्याशास्त्रातील एका रीतीमुळे. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही रीत ‘टू-वे ॲनोव्हा’ या नावाने शिकवतात. मराठीत तिला द्विमार्गी प्रचरण विश्लेषण म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका. बेरीज, वजाबाकी आणि सरासरी एवढ्या भांडवलावर तिचा गाभा समजतो, आणि ज्या घरात कोणी सत्तरी ओलांडली आहे त्या घरात तो समजलेला असणे फार उपयोगाचे आहे.

प्रसंग दोन वर्षांपूर्वीचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांचे नाव सांगणे उचित नाही. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते, आपणही तसेच म्हणू. वय चौऱ्याहत्तर. रक्तदाब आहे, पण आटोक्यात. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचे ते खजिनदार होते आणि वर्गणीचा पै न् पै हिशेब त्यांच्या एका लांबट वहीत असे. श्रावण संपत आला होता. रात्री पावणेआठच्या सुमारास त्यांचा मुलगा आणि सून त्यांना घेऊन आले. तक्रार अशी की, आबा हल्ली विसरतात. एकच प्रश्न दोनदा विचारतात. त्या आठवड्यात मंडळाच्या हिशेबात दोनशे रुपयांची चूक निघाली होती, आणि ती दुसऱ्याने दाखवून दिली म्हणून ते त्या रात्री जेवले नव्हते.

मी कपाटातून तपासणीचा छापील कागद काढला. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली ही तीस गुणांची छोटी चाचणी जगभर वापरली जाते. आजचा वार कोणता, तारीख कोणती. तीन शब्द ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा. शंभरातून सात-सात वजा करीत जा. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. चोवीसपेक्षा कमी गुण आले तर पुढील तपासाचा विचार करावा असा सर्वसाधारण प्रघात आहे. शंभरातून सात गेले त्र्याण्णव, त्र्याण्णवातून सात गेले शहाऐंशी, इथपर्यंत गुरुजी आले आणि थांबले. आयुष्यभर मुलांकडून पाढे पाठ करून घेतलेला हा मनुष्य शहाऐंशीच्या पुढे जाईना. तीन शब्दांपैकी एकच परत आला. बाहेरच्या खोलीत एक बाळ रडत होते, माझे अजून अकरा रुग्ण खोळंबले होते. एकूण गुण बावीस.

मी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, “स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. पैशांच्या व्यवहारावर जरा लक्ष ठेवा.” ‘असू शकते’ हे शब्द मी उच्चारले होते याची मला खात्री आहे. ते त्यांच्या घरापर्यंत पोहोचले नाहीत, हेही तितकेच खरे. आठवड्याभरात पासबुक आणि चेकबुक मुलाच्या कपाटात गेले. मंडळाच्या अध्यक्षांना फोन झाला आणि ती लांबट वही दुसऱ्याच्या हाती सोपवली गेली. गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी राजवाड्यापर्यंतचे रोजचे फिरणे मात्र बंद केले. वाटेत मंडळाची माणसे भेटतात म्हणून.

दिवाळीच्या सुटीत माझी मुलगी पुण्याहून आली. ती तेव्हा मानसशास्त्रात एम. ए. करीत होती आणि संख्याशास्त्राच्या पेपराने बेजार झाली होती. वैद्यकीच्या शिक्षणात आम्हाला संख्याशास्त्र सामाजिक वैद्यकाच्या पुस्तकातील एखाद्या प्रकरणापुरते भेटते. परीक्षा झाली की त्याची आमची ओळख संपते. तिला विषय समजावून सांगायला कोणीतरी श्रोता हवा होता, म्हणून मी बसलो. तिने औषध कंपनीच्या पॅडवर दोन आडव्या आणि दोन उभ्या रकान्यांचे चार चौकोन काढले. आडवी ओळ वयाची: तरुण, ज्येष्ठ. उभा रकाना वेळेचा: सकाळ, संध्याकाळ. त्या चार चौकोनांतच सारे शास्त्र आहे, म्हणून आपणही कागद-पेन्सिल घ्या.

पुढील आकडे काल्पनिक आहेत. केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, चाळीस माणसांना तीस गुणांची स्मरणचाचणी दिली. वीस तरुण, वीस ज्येष्ठ. त्यांतील निम्म्यांना सकाळी, निम्म्यांना संध्याकाळी. प्रत्येक चौकोनात दहा माणसे आली. त्यांच्या गुणांची सरासरी अशी निघाली: तरुण सकाळी २४, तरुण संध्याकाळी २६, ज्येष्ठ सकाळी २४, ज्येष्ठ संध्याकाळी १८.

आता कोणी घाईघाईने विचारले की, वयाने स्मरणशक्ती घटते का? तर दोन्ही वेळा एकत्र करून तरुणांची सरासरी २५ आणि ज्येष्ठांची २१. चार गुणांची घट. याला वयाचा ‘मुख्य परिणाम’ म्हणतात. तसेच वयाचा विचार बाजूला ठेवून वेळ पाहिली तर सकाळची सरासरी २४, संध्याकाळची २२. हा वेळेचा मुख्य परिणाम. एवढ्यावर थांबणारा माणूस म्हणेल की, ज्येष्ठांची स्मरणशक्ती तरुणांहून चार गुणांनी कमी असते. पण चौकोनांकडे पुन्हा पाहा. सकाळी तर दोघांत काडीचाही फरक नाही! साराच्या सारा फरक संध्याकाळचा आहे, आणि तोही चार गुणांचा नव्हे, आठ गुणांचा. ‘चार गुणांची घट’ हे वाक्य कोणत्याच वेळी खरे नाही. सकाळी ते अन्याय करते, संध्याकाळी ते वस्तुस्थिती अर्ध्याने लपवते.

एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलतो, तेव्हा त्या दोन घटकांत ‘आंतरक्रिया’ आहे असे म्हणतात. द्विमार्गी विश्लेषणाचा खरा मोबदला हाच. दोन वेगवेगळे प्रयोग केले असते, एक वयाचा आणि एक वेळेचा, तर दोन मुख्य परिणाम हाती आले असते. आंतरक्रिया निसटली असती.

हे सारे योगायोगाने तर घडले नाही ना, ही शंका रास्त आहे. ‘प्रचरण विश्लेषण’ हे नाव त्या शंकेच्या उत्तराला दिलेले आहे. प्रचरण म्हणजे गुणांची फाटाफूट, पांगापांग. चाळीस माणसांचे गुण एकूण सरासरीभोवती, म्हणजे २३ भोवती, जेवढे पांगले आहेत ती सारी पांगापांग मोजायची आणि तिची कारणानुसार वाटणी करायची. वडिलोपार्जित जमिनीची हिस्सेवारी करावी तशी. तरुणांची सरासरी २३ हून २ ने वर, ज्येष्ठांची २ ने खाली. २ चा वर्ग ४, गुणिले चाळीस माणसे, वयाचा हिस्सा १६०. वेळेमुळे १ वर, १ खाली. १ चा वर्ग १, वेळेचा हिस्सा ४०. आता केवळ या दोघांचीच बेरीज-वजाबाकी चालली असती, तर सकाळच्या ज्येष्ठांना २३ उणे २ अधिक १, म्हणजे २२ गुण पडायला हवे होते. पडले २४. उरलेल्या तिन्ही चौकोनांतही अंदाज असाच दोन गुणांनी चुकतो. या दोनचा वर्ग ४, गुणिले चाळीस, आंतरक्रियेचा हिस्सा १६०.

यानंतर जे उरते ते कोणाच्याच खात्यावर टाकता येत नाही. सकाळच्या दहा ज्येष्ठांनाही सारखे गुण नसतात. कोणी रात्री नीट झोपलेले नसते, कोणाला ऐकू कमी येते, कोणाचे शिक्षण चौथीपर्यंतचे, कोणी वकील. या उरलेल्या पांगापांगीला शास्त्रज्ञ त्रुटी म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. माणसे एकमेकांसारखी नसणे ही त्रुटी कशी? असो. आपल्या उदाहरणात ती ५७६ आहे असे धरू. चार चौकोनांत प्रत्येकी दहा माणसे. सरासरी ठरली की नऊ जण मोकळे आणि दहावा बांधलेला, म्हणून ५७६ ला ३६ ने भागायचे. उत्तर १६. हा आपला मापदंड. वयाचा हिस्सा १६० भागिले १६, म्हणजे १०. आंतरक्रियेचाही १०. वेळेचा ४० भागिले १६, म्हणजे अडीच. या भागाकाराला एफ-गुणोत्तर म्हणतात. प्रत्यक्षात काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने ४.१ च्या वर गुणोत्तर जाण्याची शक्यता इथे शंभरात पाचांच्या आसपास असते. म्हणून १० ला दखलपात्र मानायचे आणि अडीचवर शिक्का मारायचा नाही. आजकाल हे गणित संगणक क्षणात करतो. चौकोन कोणते काढायचे, हे मात्र तो सांगत नाही.

‘एफ’ हे अक्षर रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आले आहे. ही रीत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. ती शेतात जन्मली. लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात फिशर १९१९ साली रुजू झाले, आणि १९२३ मध्ये त्यांनी मॅकेन्झी या सहकाऱ्यासह बटाट्याच्या बारा वाणांवरील खतांच्या प्रयोगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खत चांगले की वाईट, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. निरनिराळे वाण एकाच खताला निरनिराळा प्रतिसाद देतात का, हा होता. आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हा प्रश्न नवा वाटणार नाही. ही विद्या भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांमध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. डॉ. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेले, शेतकी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्यांनी ते वापरले. पुढे आहारशास्त्राकडे वळल्यावर सुखात्मे यांनी एक मुद्दा आग्रहाने मांडला: एकाच माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीची एक रेघ ओढून तिच्याखालच्या प्रत्येकाला उपाशी ठरवू नये. त्यांच्या निष्कर्षांवर मोठा वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण माणूस स्वतःपेक्षाही वेगळा असू शकतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, एवढा विचार जरी मी वेळीच केला असता तरी गुरुजींची वही त्यांच्याकडेच राहिली असती.

मुलीने काढलेले चौकोन मनात आले म्हणून काढलेले नव्हते. सिंथिया मे, लिन हॅशर आणि एलेन स्टोल्ट्झफस या अमेरिकी संशोधिकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तिच्या अभ्यासक्रमात होता. त्यांनी आधी एका प्रमाणित प्रश्नावलीने कोण सकाळचा माणूस आणि कोण संध्याकाळचा, हे तपासले. बहुतेक तरुण संध्याकाळचे किंवा मधले निघाले. ज्येष्ठांपैकी फार मोठा भाग सकाळचा निघाला. मग तरुणांची आणि ज्येष्ठांची स्मरणचाचणी काहींची सकाळी, काहींची दुपार उलटल्यावर घेतली. उशिराच्या वेळी दोन वयांत ठळक अंतर दिसले. सकाळी अंतर आढळले नाही.

यावरून वार्धक्याचा स्मरणशक्तीवर परिणामच होत नाही, असा अर्थ कृपा करून घेऊ नका. तो होतो, विशेषतः नव्या गोष्टी चटकन आठवण्यावर. शिवाय हा अभ्यास निरोगी माणसांचा होता, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा नव्हे. आणि सरासरी गटाची असते, आपल्या घरातल्या आजींची नव्हे. पुढच्या संशोधनात असेही दिसले की, पक्के मुरलेले ज्ञान, उदाहरणार्थ शब्दसंग्रह, यावर वेळेचा फारसा परिणाम होत नाही. आजोबांना संध्याकाळी भाजीवाल्याचे सुटे पैसे मोजताना अडखळायला होते आणि त्याच वेळी संपूर्ण रामरक्षा बिनचूक म्हणता येते, याचे कोडे घरच्यांना पडते. त्यात ढोंग नसते.

मुलीने चौकोन काढून झाल्यावर विचारले, “बाबा, तुम्ही ही चाचणी किती वाजता घेता?”

मी दुसऱ्या दिवशी जुने केसपेपर काढून बसलो. स्मरणशक्तीसाठी तपासलेले जवळजवळ सारे ज्येष्ठ संध्याकाळी सातनंतरचे होते. सकाळी मी ज्यांची स्मरणशक्ती पाहिली होती ते डोक्याला मार लागलेले दोन-चार तरुण. म्हणजे माझ्या चार चौकोनांपैकी दोनच भरलेले होते, आणि तेही तिरके: तरुण सकाळी, ज्येष्ठ संध्याकाळी. बाकीचे दोन रिकामे. अशा नोंदींतून वयाचा दोष कोणता आणि वेळेचा कोणता हे जगातला कोणताही संगणक वेगळे करू शकत नाही. सत्तावीस वर्षांचा अनुभव म्हणून मी जे मिरवत होतो, त्याची मांडणी अशी होती. पुष्कळ पाहिले होते, पण एकाच कोपऱ्यातून.

गुरुजींना मी सकाळी नऊला बोलावले. सून घेऊन आली. तिने त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढली होती. तीही शिक्षिका आहे. या वेळी मी घाई केली नाही आणि तिला सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितले होते. रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर त्या पिशवीतून सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी निघाली. पावसाळ्यात नाक वाहते म्हणून गुरुजी औषधांच्या दुकानातून ती परस्पर आणत आणि रोज दुपारच्या जेवणानंतर एक घेत. त्यात क्लोरफेनिरामिन होते.

इथे आपल्याला आंतरक्रियेचे दुसरे उदाहरण भेटते, आणि ते आपल्या औषधाच्या डब्यात असण्याची शक्यता बरीच आहे. सर्दीची ही जुनी गोळी तिशीतल्या माणसाने घेतली तर त्याला थोडी झोप येते, तोंड कोरडे पडते. मेंदूत स्मरणाच्या कामी येणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या कार्यात ती अडथळा आणते. तरुण मेंदू तो सोसतो, वृद्ध मेंदूला तो जड जातो, आणि वयोमानाने औषध शरीराबाहेर पडायलाही अधिक वेळ लागतो. म्हणून ‘या गोळीने गोंधळ होतो का?’ या प्रश्नाचे उत्तर घेणाऱ्याचे वय विचारल्याशिवाय देता येत नाही. ज्येष्ठांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी अमेरिकेत १९९१ पासून बीअर्स यांच्या नावाने ओळखली जाते. सर्दीची, खाजेची आणि झोपेची म्हणून मिळणारी अशा जुन्या वर्गातील औषधे तीत आहेत. मात्र हे वाचून कोणतीही चालू गोळी परस्पर बंद करू नका. पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा.

शब्द बदलून, बाहेरचे दार लोटून घेऊन, मी चाचणी पुन्हा घेतली. शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. गुरुजी थांबले नाहीत. गुण अठ्ठावीस.

मला लगेच आनंद झाला, हे कबूल करतो. आणि मुलीने फोनवर तो लगेच कमी केला. ती म्हणाली, “बाबा, एका माणसावरून काय सिद्ध होतं? आणि त्यांनी ही चाचणी आधी एकदा दिलेली आहे, सराव झालाय. दवाखान्यात या वेळी शांतता होती. शिवाय दुपारच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत उतरलेला असणार. वेळेमुळे झालं की गोळीमुळे, तुम्ही कसं सांगणार?” तिचे खरे होते. गोळी आणि वेळ हे दोन घटक मी एकदमच बदलले होते. मी गोळी बंद केली, नाकासाठी फवारा दिला, आणि सहा आठवड्यांनी गुरुजींना एकदा सकाळी आणि पुढच्या आठवड्यात एकदा संध्याकाळी तपासले. सकाळी अठ्ठावीस, संध्याकाळी सव्वीस. याला प्रयोग म्हणता येणार नाही. पण एका रुग्णाच्या उपचारापुरते मला पुरेसे होते: थोडा भार गोळीचा होता, थोडा वेळेचा, आणि संध्याकाळी गोळीचा अंमल असताना दोन्ही एकावर एक चढत होते.

आपल्यापैकी जे कोणी घरच्या ज्येष्ठांची काळजी वाहतात, त्यांना माझी विनंती अशी. विसराळूपणाची शंका आली तर आधी आठवडाभर एक साधी वही ठेवा. विसरण्याचा प्रसंग घडला की त्यापुढे वेळ लिहा. त्याआधी कोणती गोळी घेतली होती, रात्रीची झोप कशी झाली होती, तेही लिहा. प्रसंग संध्याकाळीच गोळा होतात की दिवसभर पसरलेले असतात, हे डॉक्टरांना सांगता आले तर त्यांचे अर्धे काम होते. तपासणीसाठी सकाळची वेळ मागून घ्या. चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नका. पण एक गोष्ट मुद्दाम सांगतो. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांचीही अवस्था कित्येकदा संध्याकाळी अधिक बिघडते. तेव्हा ‘संध्याकाळीच होतं, म्हणजे काळजी नाही’ असा निष्कर्ष काढू नका. सकाळच्या ताज्या वेळीही ओळखीचा रस्ता चुकत असेल, गॅस तसाच राहत असेल, नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम लागत नसेल, तर विलंब न करता तज्ज्ञांकडे जा. ब जीवनसत्त्वातील बी-बारा या प्रकाराची उणीव, थायरॉइडची मंदता आणि नैराश्य ही कारणेही तपासून घ्या, कारण त्यांवर उपचार आहेत. आणि एका सायंकाळच्या गुणांवरून कोणाच्या हातातील व्यवहार काढून घेऊ नका. तो सल्ला डॉक्टरांनी दिला असला तरीही.

मी आता स्मरणशक्तीची तपासणी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ ते दहा या वेळेतच करतो. मुलांना ते गैरसोयीचे पडते. अर्धा दिवस वाया जातो अशी कुरकुर असते. सुना आणि मुली रजा काढून येतात. तीही एक वाटणी आहे, तिच्याविषयी पुन्हा कधीतरी.

गुरुजींना मी पॅडवर चार चौकोन काढून दाखवले. ते शांतपणे पाहत राहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, आमच्या शाळेत गणित नेहमी पहिल्या तासाला असायचं. जेवणाच्या सुटीनंतर चित्रकला नाहीतर कवायत. वेळापत्रक मीच लावायचो.” मग मी त्यांची माफी मागितली. रुग्णाची माफी मागण्याची सवय आम्हा डॉक्टरांना नसते. शब्द नीट जमले नाहीत. ते म्हणाले, “मला सांगितलंत, बरं झालं. माझ्या मुलाला सांगितलंत का?”

सांगितले नव्हते. त्याच दुपारी मी फोन केला. बावीस गुणांचे जेवढ्या खात्रीने सांगितले होते, तेवढ्या खात्रीने अठ्ठावीस गुणांचे सांगायला मला बराच वेळ लागला, आणि पलीकडून “बरं, बघतो” एवढेच उत्तर आले. मंडळाचे खजिनदारपद गुरुजींनी परत घेतले नाही; नवे खजिनदार मात्र दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठला ती लांबट वही तपासायला त्यांच्याकडे घेऊन येतात. पासबुक दोन आठवड्यांनी परत आले. चेकबुक अजून मुलाच्या कपाटात आहे.